छापण्याआधी ऐकवलेलं

अंबुताई, मंगळवारी सकाळी सोलापुरातल्या एका खासगी रुग्णालयात तुमचं निधन झालं. त्या वेळी तुमची भाची श्रीदेवी खोलीत होती. तिचा फोन आला तेव्हा मी कार्यालयाच्या जिन्यात होतो.

निधनाची बातमी मीच लिहिली. तुमचं वय, शिक्षण, सांस्कृतिक पानावरची नोकरी, वर्षभरापूर्वी आलेला एकुलता एक कवितासंग्रह, मागे कोण आहे, अंत्यसंस्कार कुठे झाले, हे सगळं त्यात आलं आहे. ते इथे पुन्हा लिहीत नाही. बातमीत तुमच्या नावाआधी 'ज्येष्ठ' असा शब्द आहे. तो माझा नाही, डेस्कने घातला. तुम्ही खुर्चीवर असतात तर तो पान लागण्याआधी गेला असता.

बातमीत न मावणारी गोष्ट एका फोनची आहे.

तुमची एक पद्धत होती. नाटकाचं, मैफलीचं किंवा पुस्तकाचं परीक्षण लिहून झालं, आणि त्यात कुणाला लागेल असं काही असलं, की मजकूर पुढे देण्याआधी तुम्ही त्या माणसाला फोन लावायचात. नमस्कार झाल्यावर म्हणायचात, "उद्या हे छापून येणार आहे, ऐका." मग पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत सगळं वाचून दाखवायचात. स्तुतीचं परीक्षण असलं तर फोन नाही. त्यामुळे शहरातल्या नाटकवाल्यांत आणि गाणाऱ्यांत 'अंबुताईंचा फोन आला' याचा अर्थ ठरून गेला होता. नाट्यस्पर्धेचे प्रयोग सुरू असले की काही जण सकाळी फोन उचलायचेच नाहीत. एका नटाने आईला पुढे केलं आणि 'तो गावाला गेलाय' असं सांगायला लावलं. तुम्ही विचारलंत, "मग मावशी, तुम्हीच ऐकता का?" मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, "मी पण त्याला हेच सांगायले होते. घरात कोण ऐकतंय माझं?" हा किस्सा तुम्ही डेस्कवर सांगितलात तेव्हा त्या नटाचं नाव मात्र सांगितलं नाहीत.

माझा या पद्धतीला विरोध होता. ज्याच्याबद्दल मजकूर आहे त्याला तो छापण्याआधी दाखवायचा नाही, हे मला नोकरीच्या पहिल्या दिवशी सांगितलं गेलं आणि नंतर मी ते प्रत्येक नव्या वार्ताहराला सांगत आलो. त्यामागचं कारण साधं आहे. आज माणूस ऐकतो, उद्या बदला म्हणतो, परवा मालकांना फोन करतो. माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर मी खुलासा मागितला असता. तुम्ही माझ्या हाताखाली नव्हतात. मी शहर डेस्कवर होतो, तुमचं पान वेगळं होतं. म्हणून फक्त वाद घालता यायचा.

"उद्या कुणी बदला म्हणालं तर?"

"म्हणतातच की."

"मग?"

"नाही म्हणते. ज्याला तोंडावर नाही म्हणता येत नाही, त्यानं लिहू नये, बिराजदार."

"नियम कशासाठी असतो मग?"

"तुमच्यासारख्यांना झोप लागावी म्हणून."

एरवी आपलं अहो-जाहो चालायचं. वाद चढला की तुम्ही एकदम एकेरीवर यायचात. "तू कधी टपरीवर उभा राहून बघ," असं एकदा म्हणालात. "कुणीतरी मोठ्यानं पेपर वाचायलेला असतो. ज्याच्याबद्दल वाचायलाय तो तिथंच भजी खायला आलेला असतो. माणसानं स्वतःबद्दलचं वाईट असं ऐकू नये. ते मी लिहिलंय ना, मग माझ्याच तोंडून ऐकावं." मग लगेच, "घ्या, चहा घ्या," म्हणून पुन्हा 'तुम्ही' सुरू.

मला हे पटलं नाही. पण ते खोटं ठरवताही आलं नाही. एकदा तुम्ही मला ते प्रत्यक्ष पाहायला नेलंत.

सिद्धाराम चिंचोळीच्या एमआयडीसीत एका सूतगिरणीत कामाला होता आणि संध्याकाळी एका हौशी संस्थेची नाटकं बसवायचा. त्याच्या नाटकाचा स्पर्धेतला प्रयोग तुम्ही नेहमीसारखा शेवटच्या रांगेत बसून पाहिला होता. आलेला पास परत करायचा, तिकीट काढायचं आणि शेवटच्या रांगेत बसायचं, हा तुमचा शिरस्ता. परीक्षण तयार होतं. सिद्धाराम फोन उचलत नव्हता. तुम्ही माझ्या टेबलाशी येऊन म्हणालात, "गाडी काढा."

"मी कशाला?"

"मी फोनवर सेटिंग करते असं तुम्हाला वाटतंय ना? बघायला चला."

पुणे रस्त्याने आपण चिंचोळीला गेलो. जेवणाची सुट्टी झाली होती. कारखान्याच्या फाटकासमोर कडुलिंबाखाली सिद्धाराम डबा उघडून बसला होता. त्याच्याबरोबर आणखी काही कामगार होते आणि त्यांतले दोघे नाटकात होते. तुम्हाला पाहून तो उभाच राहिला.

"ताई, तुमी? हितं?"

"फोन उचलत नाहीस."

"मशीनवर ऐकू येत न्हाय, ताई."

"आता बंद आहे ना मशीन? मग ऐक."

तुम्ही उभ्यानेच वाचलंत. आवाज चढवला नाहीत आणि उतरवलाही नाहीत. त्यातलं एक वाक्य माझ्या अजून लक्षात आहे, कारण ते मला लिहिता आलं असतं तर बरं, असं त्या वेळी वाटलं होतं: "दुसऱ्या अंकात सगळी पात्रं जमिनीशी बोलत होती; मौनाचं नाटक आणि ऐकू न येणारं नाटक यांत फरक असतो." नाटकात असलेल्या दोघांपैकी एकाने घास खाली ठेवला. पुढे तुम्ही वाचलंत की शेवटच्या प्रवेशात अचानक केलेला अंधार हा प्रयोग कशासाठी होता ते कळत नाही.

"ताई," सिद्धाराम म्हणाला, "त्यो प्रयोग नव्हता. फ्यूज उडाला."

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. पर्समधून पेन काढलंत, कागद माझ्या पाठीवर ठेवून ते वाक्य खोडलंत. "माझी चूक आहे ही. आणखी काय चुकलंय?"

"चुकलं काय न्हाय. लई लागलं पण. पोरं दिवसभर मशीनवर उभी असत्यात. घरला जाऊन दोन घास खाऊन तालमीला येत्यात. एवढं तरी लिवा की."

"लिहिलं तर वाचणारा काय म्हणेल? बिचारे. तुला बिचारा म्हणवून घ्यायचंय का?"

"न्हाय."

"आणि शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी एक माणूस बसला होता. तो पण दिवसभर मशीनवर उभा राहूनच आला होता. दुसऱ्या अंकात त्यानं मला तीनदा विचारलं, काय म्हणाला हो तो?"

सिद्धारामने डब्याचं झाकण उलटं करून त्यात कडक भाकरी मोडली, शेंगाची चटणी घातली आणि तुमच्यापुढे धरली.

"बसा. शिव्या घालून उपाशी जाऊ नका."

तुम्ही लिंबाखाली मातीत बसून खाल्लंत. मीही खाल्लं.

परत येताना मी म्हणालो, "बदललंत शेवटी." तुम्ही मागच्या सीटवरून म्हणालात, "माहिती बदलली. मत नाही." मग मोहोळकडून येणारा एक ट्रक गेला आणि पुढचं मला ऐकू आलं नाही. कार्यालयाशी उतरताना तुम्ही ते पुन्हा सांगितलंत: "माहिती चुकली तर ऐकणाऱ्याचं ऐकायचं. मत असेल तर कुणाचं नाही ऐकायचं. सोपं आहे की." मी म्हणालो की सिद्धारामचं म्हणणं मला पटलं. हौशी माणसाला थोडी सवलत द्यायला हवी. तुम्ही म्हणालात, "सवलत एसटीत देतात."

हे दोन वाद तिथून पुढे चालू राहिले. छापण्याआधी ऐकवावं का, आणि सवलत द्यावी का. माझ्या माहितीप्रमाणे दोन्हींचा निकाल लागलेला नव्हता.

तुमच्या पानाचं एक सांगायला हवं. जाहिरात आली की सगळ्यांत आधी सांस्कृतिक पान कापलं जायचं आणि ते कापण्याचं काम माझ्याकडे होतं. त्यावर तुम्ही आरडाओरडा कधी केला नाहीत. एकदा अर्धं पान गेलं तेव्हा एवढंच म्हणालात, "उद्या कुणी नाचता नाचता मेला की पहिल्या पानावर घ्याल. नाचला तेव्हा जागा नव्हती." उरलेल्या अर्ध्या पानात तुम्ही काय काय बसवत होतात! अक्कलकोटकडच्या कन्नड नाटक कंपनीचा मुक्काम, शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू कथेकऱ्यांचा कार्यक्रम, यंत्रमाग कामगारांनी कारखान्याच्या शेडमध्ये भरवलेला मुशायरा, गावच्या यात्रेत मिरवल्या जाणाऱ्या नंदीध्वजांपुढे वाजणाऱ्या वाद्यांची बदललेली चाल. चार भाषांत ऐकायचं आणि एका भाषेत लिहायचं, असं काम या शहरात तुमच्या आधी कुणी सलग केल्याचं मला माहीत नाही. मुशायऱ्याला तुम्ही गेलात तेव्हा तिथले लोक म्हणाले होते, "आपा, आप समझते?" तुम्ही म्हणालात, "समझते तो लिखते." दुसऱ्या दिवशीच्या मजकुरात शेरांचा अर्थ बरोबर होता की नाही, हे मी एका उर्दू शिक्षकाकडून तपासून घेतलं. बरोबर होता. मी तपासलं होतं, हे तुम्हाला कळलं होतं. "करायलाच पाहिजे," एवढंच म्हणालात.

चिंचोळीच्या त्या फेरीनंतर काही काळाने मी वृत्तसंपादक झालो. अपघाताच्या बातम्या माझ्याकडून जायच्या. एकदा मृतांची नावं पानात लावताना मी थांबलो आणि पोलीस ठाण्यात फोन करून विचारलं, घरच्यांना कळवलं आहे का. कळवलं नव्हतं. मी नावं थांबवली. तेव्हापासून डेस्कवर ती सवयच झाली. घरी कळल्याची खात्री झाल्याशिवाय नाव जात नाही. नव्या मुलांना वाटतं की हा जुना नियम आहे. तो नियम नव्हता. तो लिंबाखालून आला. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर तुम्ही जिंकल्यासारखं हसला असतात, म्हणून पुढे ढकलत गेलो.

तुम्ही कविता लिहिता हे कार्यालयात कुणालाही माहीत नव्हतं. दुसऱ्यांच्या कवितासंग्रहांवर तुम्ही इतकं कडक लिहायचात की स्वतः लिहीत असाल असा संशय येण्याचं कारण नव्हतं. निवृत्तीनंतर तुमचं पुस्तक आलं तेव्हा पहिली प्रत माझ्या टेबलावर ठेवून तुम्ही म्हणालात, "आमच्यात पण एक गुन्हेगार निघाला."

शहराने पुस्तकाचं स्वागत केलं. वाचनालयात सत्कार झाला, मग समाजाचा झाला, मग नाट्यसंस्थांचा झाला. प्रत्येक ठिकाणी शाल आणि नारळ. भाषणांत तुमच्या कवितेबद्दल कुणी बोललं नाही. तुमच्या करड्या नजरेबद्दल सगळे बोलले. महिने गेले. कुठेही परीक्षण आलं नाही.

तुम्ही कार्यालयात आलात, समोरची खुर्ची ओढलीत.

"चादरीच्या गावात शाली गोळा करायला लागले मी, बिराजदार. कपाट भरलं. परीक्षण एक नाही."

"लिहितील की."

"कोण लिहील? या गावात लिहिणाऱ्या प्रत्येकावर मी लिहून बसलेय. चांगलं लिहिलं तर म्हणतील भ्यायला. वाईट लिहिलं तर म्हणतील सूड घेतला. तुमच्यावर मी कधी लिहिलं नाही. तुम्ही लिहा."

मी सांगितलं की मी बातमीतला माणूस आहे, कवितेतलं मला कळत नाही.

"शेवटच्या रांगेत बसा आणि काय ऐकू येतंय ते लिहा. तेवढंच करत आले मी." मग खुर्ची मागे सारत म्हणालात, "आणि ऐकवायचं मला. छापण्याआधी."

मी पुस्तक तीन वेळा वाचलं. पहिल्या भागातल्या कविता घरच्या आहेत: माग, आई, सुताचा वास, दुपारची गल्ली. त्यांतली ही एक माझ्या परीक्षणात आहे:

आईनं माग बंद केला
आणि आम्हाला पहिल्यांदा कळलं
शेजारची म्हातारी दिवसभर खोकते.

या तीन ओळींवर मी एक परिच्छेद लिहिला. त्यात आहे ती स्तुतीच आहे आणि ती मी राखून केलेली नाही. दुसऱ्या भागातल्या कविता शहरावर आहेत. बंद पडलेल्या गिरण्या, मोडलेली नाट्यगृहं, म्हातारे नट. त्यांच्याबद्दल मी असं लिहिलं: "इथे कवयित्री पुन्हा शेवटच्या रांगेत जाऊन बसते. सगळ्यांना पाहते, सगळ्यांचं नोंदवते आणि स्वतःला बाहेर ठेवते. वृत्तपत्रात हा गुण असतो. कवितेत ती पळवाट होते." त्याच्या पुढे मी आणखी एक वाक्य लिहिलं होतं: "अर्थात, वृत्तपत्रातल्या धावपळीतून वेळ काढून हे लेखन झालं आहे, हे लक्षात घ्यायला हवं."

परीक्षण पूर्ण झालं तेव्हा तुम्ही रुग्णालयात होतात. मी श्रीदेवीला विचारलं की थांबू का. तिने तुम्हाला विचारलं आणि निरोप दिला: "या म्हणतेय. आणि कागद आणा म्हणतेय, नुसते या नका."

शुक्रवारी दुपारी मी आलो. श्रीदेवी म्हणाली, "काका, डॉक्टरांनी जास्त बोलायचं नाही म्हटलंय."

"मी कुठं बोलणार आहे?" तुम्ही म्हणालात. "हे बोलणारेत. बसा. नाही, उभ्यानं वाचा."

मी उभ्याने वाचलं. तीन ओळींवरच्या परिच्छेदात तुमचे डोळे मिटलेले होते. 'पळवाट' आली तेव्हा ते उघडले. मी थांबलो नाही. शेवटपर्यंत वाचलं. तुम्ही म्हणालात, "ते दुसऱ्या भागाचं पुन्हा." मी पुन्हा वाचलं. मग तुम्ही श्रीदेवीकडे वळून तेलुगूत काहीतरी बोललात. ती हसली आणि बाहेर गेली.

मी तुमचाच प्रश्न तुम्हाला विचारला. "काय चुकलंय?"

"हातमाग लिहिलंय तुम्ही."

"हो."

"आमच्या घरात यंत्रमाग होता. हातमाग असता तर म्हातारीचं खोकणं आधीच ऐकू आलं नसतं का?"

मी ते बदललं. कागद भिंतीवर ठेवून.

"आणि ते अर्थातचं वाक्य काढा."

"ते मत आहे, अंबुताई. ऐकणाऱ्याच्या सांगण्यावरून मत बदलायचं नाही, हे तुम्हीच ठरवलंय."

"ते मत नाही. सवलत आहे."

"माझ्या दृष्टीनं मत आहे."

"खरंच तुझं मत आहे ते?" तुम्ही एकेरीवर आला होतात. "असेल तर ठेव. मी एक शब्द बोलणार नाही. पण वाचणारा पण धावपळीतूनच वाचायला बसलाय, एवढं लक्षात ठेव."

"विचार करतो," मी म्हणालो.

"पळवाटेचं काही म्हणणं नाही माझं," तुम्ही म्हणालात. "लागलं. पण आहे ते."

श्रीदेवी चहा घेऊन आली. तुम्ही विचारलंत की कुठल्या पानावर येणार. मी सांगितलं, पुढच्या रविवारी, पुरवणीत, तुमच्याच जुन्या पानावर. तुम्ही म्हणालात, "जाहिरात आली नाही म्हणजे." हे तुमचं माझ्याशी शेवटचं वाक्य. 'खरंच तुझं मत आहे ते?' या प्रश्नाचं उत्तर मी दिलेलं नव्हतं.

मंगळवारी तुम्ही गेलात. दुपारी तुमच्या घरासमोर मंडप घातला होता. सिद्धाराम आला होता. आता तो निवृत्त आहे आणि त्याची संस्था अजून नाटकं करते. तो माझ्याजवळ सतरंजीवर बसला. त्याला कुणीतरी परीक्षणाचं सांगितलं होतं.

"सर, कडक लिवलंय म्हणं."

"काही ठिकाणी."

"ऐकवलं का त्यांना?"

"ऐकवलं."

"मग झालं." थोड्या वेळाने तो म्हणाला, "मौनाचं नाटक आनि ऐकू न येनारं नाटक. आजबी पोरांना तालमीत हेच म्हणून शिव्या घालतो मी. त्यांना वाटतंय, माझंच हाय."

बुधवारी संपादकांनी बोलावलं. ते वयाने माझ्यापेक्षा लहान आहेत आणि तुमचा त्यांना आदर होता. त्यांच्यासमोर पुरवणीचं पान होतं.

"सर, तुम्ही लिहिलंय ते बरोबर असेल. पण आत्ताच गेल्या आहेत त्या. पळवाट हा शब्द... लोक काय म्हणतील?"

"त्यांनी ऐकलंय."

"कुणी?"

"अंबुताईंनी. शुक्रवारी."

"काय म्हणाल्या?"

"हातमाग नाही, यंत्रमाग."

त्यांनी मजकूर पुन्हा वाचला. धावपळीच्या वाक्यावर बोट ठेवलं. "हे चांगलं आहे बघा. अशी आणखी दोन वाक्यं घाला. वाटल्यास त्यांची तब्येत बरी नव्हती, हेही येऊ द्या. म्हणजे पळवाट तेवढी टोचणार नाही. निर्णय तुमचा."

मी मजकूर घेऊन टेबलाशी आलो. ते वाक्य स्वतंत्र कागदावर लिहिलं आणि पाहिलं. ते पुस्तकातल्या कुठल्या कवितेबद्दल आहे ते शोधलं. कुठल्याच नव्हतं. तुम्ही ज्या घरी बसून त्या कविता लिहिल्यात तिथे धावपळ होती की नव्हती, याचीही माझ्याकडे माहिती नव्हती. मी ती कधी विचारलेली नव्हती. बातमीत असं वाक्य कुणी आणलं असतं तर मी विचारलं असतं, हे तुला कोणी सांगितलं?

शनिवारी पान तयार झालं तेव्हा मी श्रीदेवीला फोन केला. म्हणालो, "उद्या हे छापून येणार आहे, ऐक." आणि पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत वाचून दाखवलं. डेस्कवरची मुलं माझ्याकडे बघत होती. नियम त्यांना मीच शिकवलेला आहे.

श्रीदेवीने ऐकलं. म्हणाली, "ठीक आहे, काका." फोन ठेवण्याआधी मी तिला विचारलं की त्या दिवशी तुम्ही तेलुगूत काय म्हणालात. ती म्हणाली, "आत्या म्हणाली, माझ्यापेक्षा यांनाच जास्त लागलंय. चेहरा बघ. यांना काहीतरी खायला-प्यायला आण, असेच जाऊ देऊ नको." त्यानंतर चहा आला होता, हे मी पाहिलं आहे.

अंबुताई, पहिल्या वादात मी काय मानतो ते आता लिहून ठेवतो. नियम अजूनही योग्य आहे आणि तो पाळला जावा. तुम्ही तो मोडत होतात आणि त्यातून एकही मत वाकल्याचं मला कधी सापडलं नाही. तसं करू शकणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

परीक्षण रविवारी पुरवणीत तुमच्या जुन्या पानावर छापून आलं. जाहिरात नव्हती. हातमागाच्या जागी यंत्रमाग आहे. 'पळवाट' आहे. अर्थातपासून सुरू होणारं वाक्य त्यात नाही.